खाडीत किती नत्र-स्फुरद जाऊ द्यायचं हे संगणकी मॉडेलवरून कसं ठरवतात? आणि ते जायकवाडीला लागू होईल का?

हिशोब उलटा सुरू होतो. आधी पाण्याला काय हवं ते ठरवायचं, खतांचा आणि सांडपाण्याचा विचार त्यानंतर. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात खुल्या पाण्यासाठी विरघळलेल्या ऑक्सिजनची महिन्याची सरासरी लिटरला किमान 5 मिलिग्रॅम धरली. मग दोन मॉडेलं जोडली. पहिलं शेत, गोठे आणि शहरांतून नदीत किती नत्र-स्फुरद उतरतं ते सांगतं. दुसरं त्यामुळे उपसागरात शेवाळ किती वाढेल आणि ते कुजताना ऑक्सिजन किती खाईल ते. ऑक्सिजन निकषात बसेपर्यंत नत्र-स्फुरदाचा भार कमी करत मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं. 2010 मध्ये मर्यादा ठरली: वर्षाला नत्र सुमारे 84,000 टन, स्फुरद सुमारे 5,700 टन. पुढे ती राज्यांत वाटली, आणि खरी ओढाताण तिथेच असते.

जायकवाडीला पद्धत हीच, पण आकडे उचलून आणू नका. समुद्राजवळ बहुधा नत्र आवरावं लागतं, गोड्या पाण्याच्या जलाशयात बहुधा स्फुरद. पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, गोदावरी वरच्या शहरांचं सांडपाणी आणि उसाच्या रानातलं खत घेऊन येते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून येतं, म्हणून पहिल्या मोठ्या पुराचे नमुने घ्यायलाच हवेत. फक्त उन्हाळ्यात मोजलं तर मॉडेल फसेल. छत्रपती संभाजीनगर, जालना हेच पाणी पितात, तेव्हा मर्यादा ठरवताना सांडपाणी शुद्धीकरण आधी धरा. सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी मोजता येतं, शेताच्या बांधावर नाही.