बोटीवर वापरायला दुर्बीण कोणती घ्यावी, 7×50 की 10×50? मालवणला जातोय, नागपुरातला दुकानदार मात्र 20×50 घ्या म्हणतो.

7×50 घ्या. दुकानदाराचं ऐकू नका. (पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.)

याच 20×50 पायी माझ्या बाबांची एक सकाळ वाया गेली, म्हणून लिहायला बसलो. हिमालय ओलांडून आपल्याकडे येणारे पट्टकादंब पक्षी बाबांना एकदा नीट पाहायचे होते. दुर्बीण घ्यायला सीताबर्डीला गेलो तेव्हा माझे साडू सोबत होते. "घ्यायचीच तर वीसची घे ना भाऊ, सातमध्ये काय दिसते?" मी ऐकलं. जानेवारीत नवेगावबांधच्या तलावावर भल्या पहाटे नावेत बसलो. थवा समोरच पाण्यावर होता. बाबांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. "काही दिसून नाही राहिलं रे, सारं हलून राहिलं." मी घेतली, तर मलाही तेच. नाव डुलते, हात थरथरतो आणि ती थरथरही वीसपट होऊन दिसते. त्यात नजरेत मावतो एवढासाच तुकडा. थवा शोधेस्तोवर तो उठून गेला. परतीच्या वाटेवर बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते नव्हते.

नंतर आमच्या कॉलनीतल्या, नौदलातून निवृत्त झालेल्या काकांनी त्यांची 7×50 माझ्या हाती दिली आणि हिशेब सांगितला. 50 ला 7 ने भागा. साधारण 7 मिलिमीटर जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. 20×50 चा झोत फक्त अडीच मिलिमीटर. बोट जरा कलली की डोळा त्या झोतातून सरकतो आणि समोर काळोख. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर फारच अंधुक दिसतं. सात जाडीच्या झोतात डोळ्याला हलायला जागा मिळते.

समुद्रासाठी नायट्रोजन भरलेली (म्हणजे भिंगांवर आतून वाफ धरत नाही), पाण्यात बुडाली तरी चालेल अशीच घ्या. नुसते शिंतोडे सोसणारी नको. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, 15 मिलिमीटरच्या वर हवा. कंपनी कोणती ते तुम्ही हातात धरून ठरवा.

हो, 10×50 अगदीच टाकाऊ नाही. पाणी शांत आणि हात स्थिर असेल तर चालते. वय वाढलं की डोळ्याची बाहुली 7 मिलिमीटर उघडत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या डोळ्यांना सगळा उजेड मिळत नाही, हेही खरं. शिवाय 7×50 किलोभर भरते आणि बऱ्याच सागरी दुर्बिणींत दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा लावावा लागतो. लांबच्या बोटी पाहायला ते उत्तम, जवळच्या पक्ष्यांना त्रासाचं.

साडूभाऊ आजही लग्नकार्यात भेटले की वीसचीच बाजू घेतात. भाऊ, हे वाचत असाल तर येत्या जानेवारीत नवेगावला चला. दोन्ही दुर्बिणी मी आणतो. बाबा बसले होते त्याच जागी नावेत बसा आणि थव्यातला एक तरी पट्टकादंब वीसमधून मला दाखवा.