सुरुवात श्वासापासून करा

घबराटीने छातीत धडधड सुरू झाली की लगेच योगासनांच्या मागे लागू नका. आधी श्वास सोडणं लांबवा: ४ आकडे मोजत घ्या, ६ मोजत सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. भ्रामरीत, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडतानाही, तेच घडतं. कपालभाती, भस्त्रिका मात्र सध्या नकोच. त्यातल्या जोरजोरात श्वासोच्छ्वासाने घबराट वाढू शकते.

उदासीचे दिवस वेगळे. तेव्हा नुसतं पडून राहिलं तर तेच ते विचार घोळत राहतात, म्हणून उभ्याने करायची आसनं निवडा: ताडासन, वीरभद्रासन, जमला तर सूर्यनमस्कार. एकच झाला तरी चालेल, खरंच. शवासनात डोळे मिटायची भीती वाटली तर उघडे ठेवा.

घबराटीच्या किंवा उदासीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. जीव नकोसा वाटू लागला तर योग बाजूला ठेवून लगेच त्यांना गाठा.