संगणकावरील फाइलमधला लॉसलेस सराउंड आवाज रिसीव्हरपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. फाइलमध्ये डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातले काहीही न गमावणारा सराउंड प्रकार) असूनही ऑप्टिकल केबलने जोडलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या, पट्टीवर नुसते ‘डीटीएस’ का उमटते, ही पहिली. आणि ‘संगणकाचा नाद सोडा, खरा लॉसलेस आवाज ब्ल्यू-रे प्लेअरमधूनच येतो’ असे दुकानदाराने आपल्याला सांगितले ते खरे आहे का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर एका ओळीचे आहे: ऑप्टिकल केबल काढून टाका आणि ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय थेट रिसीव्हरला लावा. दुसरीचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण जवळजवळ हेच वाक्य २०१५ च्या भाऊबीजेला आमच्या सांगलीच्या घरी दाजींनी चारचौघांत मला ऐकवले होते, आणि ते वाक्य अर्धे खरे व अर्धे साफ खोटे आहे हे समजायला मला त्यानंतरचे कित्येक महिने खर्चावे लागले.

मी २०१२ मध्ये एक वापरलेला रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच घेतला. स्वतः विकत घेतलेल्या ब्ल्यू-रे तबकड्यांच्या एमकेव्ही फाइल करून त्या संगणकावर ठेवल्या होत्या. ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय मॉनिटरला गुंतलेली असल्यामुळे आवाजासाठी मदरबोर्डाच्या ऑप्टिकल छिद्रातून केबल नेली. पट्टीवर ‘डीटीएस’ उमटत असे, मागचे स्पीकर बोलत असत, आणि तीन वर्षे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हा लॉसलेस आवाज आहे असे मनापासून सांगत होतो. त्या भाऊबीजेला ताई आणि दाजी आले. दाजींच्या घरी स्वतंत्र ब्ल्यू-रे प्लेअर होता आणि त्यांच्या रिसीव्हरवर ‘डीटीएस-एचडी मास्टर’ अशी पूर्ण अक्षरे येत. त्यांनी माझ्या पट्टीकडे बोट दाखवून सांगितले, “अरे, हे मास्टर नाही. संगणकातून खरा आवाज निघतच नाही. तुला जे ऐकू येते ती त्याची सावली आहे.”

मला ते लागले, आणि पहिल्या भागापुरते ते खरेही निघाले. ऑप्टिकल केबल ज्या नियमांवर चालते ते दोन चॅनेलच्या आवाजासाठी आखलेले आहेत. संकुचित केलेला प्रवाह तिच्यातून पाठवताना मिळणारी जागा म्हणजे दोन चॅनेल, सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट, म्हणजेच सेकंदाला १५,३६,००० बिट. याउलट ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) पूर्ण आवाज २४ बिटांत उलगडला, म्हणजे संकुचन काढून मूळ आकड्यांत आणला, तर सहा चॅनेलचे सेकंदाला ६९,१२,००० बिट होतात. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओची रचनाच अशी आहे की, आत जुन्या डीटीएसचा सुमारे १५,०९,००० बिटांचा गाभा असतो आणि गाभ्यात जे हरवले ते भरून काढणारा भाग त्याला वेगळा जोडलेला असतो. ऑप्टिकल केबलमध्ये गाभा जेमतेम मावतो, म्हणून प्लेअर जोडलेला भाग टाकून देतो आणि गाभा तेवढा पुढे पाठवतो. आपल्या पट्टीवर दिसते ती अक्षरे या गाभ्याची आहेत. डॉल्बी ट्रूएचडी या दुसऱ्या लॉसलेस प्रकाराच्या पोटात असा गाभाही नसतो. ब्ल्यू-रेवर त्याच्या सोबतीला साध्या डॉल्बी डिजिटलचा स्वतंत्र प्रवाह ठेवलेला असतो, आणि फाइल करताना तो वगळला असेल तर ऑप्टिकलवर बहुधा दोन चॅनेलवर समाधान मानावे लागते.

मी मॉनिटरला दुसरी केबल दिली आणि एचडीएमआय रिसीव्हरला जोडली. आता फाइल संगणकच उलगडत होता आणि रिसीव्हरला सहा चॅनेलचा सरळ पीसीएम, म्हणजे संकुचित नसलेला, आवाज मिळत होता. पट्टीवर अक्षरे आली ‘मल्टी सीएच इन’. दाजींना फोन करून सांगितले, तर त्यांचा एकच प्रश्न होता: “मास्टर लिहून येते का?” येत नव्हते. मी त्यांना सांगितले की, पाकीट संगणकाने फोडले काय किंवा रिसीव्हरने फोडले काय, आतले पत्र तेच असते. हे तत्त्व बरोबर होते, पण त्या दिवशी माझ्या संगणकावर ते लागू नव्हते, हे मला माहीत नव्हते. मी वापरत होतो तो मोफत प्लेअर एफएफएमपेग या (आवाज आणि चित्र उलगडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या) ग्रंथालयावर चालणारा होता, आणि त्याच्या त्या वेळच्या आवृत्तीला डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओचा फक्त गाभाच उलगडता येत असे. म्हणजे केबल बदलूनही मी पूर्वीचाच आवाज ऐकत होतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये एफएफएमपेगची ३.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात पूर्ण लॉसलेस उलगडणी आली. मी प्लेअर अद्ययावत केला तेव्हा कुठे माझे बोलणे खरे झाले. आपला प्लेअर फार जुना असेल तर आधी तो बदला. केबलइतकेच हे महत्त्वाचे आहे.

या प्रकारानंतर कुणाच्या सांगण्यावर विसंबायचे नाही असे मी ठरवले. माझ्याकडे केवळ संगीताची एक ब्ल्यू-रे तबकडी होती, जिच्यावर तेच ध्वनिमुद्रण पीसीएम, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि ट्रूएचडी अशा तिन्ही रूपांत दिलेले होते. एका रात्री मी तिन्ही ट्रॅक संगणकावर उलगडून तीन वेव्ह फाइल केल्या. त्यांची सुरुवात काही नमुन्यांनी मागेपुढे होती. ती नमुना मोजून जुळवली, एकीची दिशा उलटी केली आणि दुसरीत मिसळली. दोन्हींत एका बिटाचाही फरक असता तर पडद्यावर त्याची रेघ हलली असती. सहाही चॅनेलच्या रेघा पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आखणीपट्टीने ओढल्यासारख्या सरळ होत्या. तिसऱ्या फाइलचेही तेच झाले. लॉसलेस या शब्दाचा अर्थ एवढाच आहे: ध्वनिमुद्रणाच्या मूळ आकड्यांत आणि उलगडलेल्या आकड्यांत फरक नाही. आकडे तेच असतील तर ते प्लेअरने काढले, रिसीव्हरने काढले की संगणकाने, हा प्रश्नच उरत नाही. आपल्या दुकानदाराला हे माहीत नसेल तर त्याने शिकावे, आणि माहीत असून तो प्लेअर खपवत असेल तर त्या दुकानात पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाजींना मात्र रेघा पटल्या नाहीत. ते म्हणाले, “माझे कान मला सांगतात.” म्हणून त्या मे महिन्यात ते सुटीसाठी आले तेव्हा आम्ही कानांचीच परीक्षा घेतली. रिसीव्हरच्या पट्टीवर पंचा टाकला, दाजींना भिंतीकडे तोंड करून सोफ्यावर बसवले, आणि ताई मागे वही घेऊन बसली. ट्रूएचडीचा दीड मिनिटाचा एकच प्रसंग ताई कधी पासथ्रूने, म्हणजे पाकीट न फोडता रिसीव्हरकडे पाठवून, तर कधी संगणकावर उलगडून वाजवत होती. दहापैकी नऊ वेळा दाजींनी अचूक ओळखले. मी हबकलो. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी पंचा काढून तोच प्रसंग पुन्हा पासथ्रूने लावला आणि पट्टीकडे बघत बसलो. सुरू होताच क्षणभर संवादाच्या पातळीबद्दल चार डेसिबलचा एक आकडा चमकून गेला. ट्रूएचडीच्या प्रवाहात संवादाची सरासरी पातळी सांगणारी एक नोंद असते, तिला डायलॉग नॉर्मलायझेशन म्हणतात. रिसीव्हर ती नोंद वाचून आवाज तेवढा खाली आणतो. माझा संगणक उलगडताना ती नोंद लागू करत नव्हता. म्हणजे संगणकाचा आवाज चार डेसिबलने मोठा होता, आणि दाजी ओळखत होते तो दर्जा नव्हता, ती पातळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने प्रत्येक वेळी रिसीव्हरचा आवाज तेवढ्या फरकाने जुळवून तीच परीक्षा घेतली. दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून आली असती तेवढी. ताईने वहीत दोन्ही दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहिले आहेत आणि ती वही माझ्याकडे आहे.

ज्यांना अक्षरेच हवी आहेत त्यांनाही संगणक ती देतो. एचडीएमआयच्या १.३ या आवृत्तीत २००६ मध्ये हे प्रवाह न फोडता नेण्याची सोय झाली, आणि २००९ मध्ये आलेल्या रेडिऑन एचडी ५००० मालिकेपासून साध्या ग्राफिक्स कार्डांतही ती आली. कोडी या संगणकावरच्या प्लेअरमध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोजच्या डायरेक्टसाउंड या आवाजाच्या वाटेऐवजी वासापी नावाचे साधन निवडावे, पासथ्रू चालू करावे आणि आपला रिसीव्हर जे जे प्रकार ओळखतो त्यांवर खूण करावी. संगणकावरच उलगडायचे असेल तर विंडोजमध्ये स्पीकरची रचना ५.१ किंवा ७.१ करावी, कारण ती दोन चॅनेलवर राहिली तर विंडोजचा मिक्सर सगळा आवाज दोन स्पीकरांत कोंबतो. प्लेअरला ध्वनीसाधनाचा एकट्याने ताबा घेऊ द्यावा, म्हणजे मिक्सर नमुन्यांना हातच लावत नाही. आणि रिसीव्हर आधी सुरू करून मग हे सगळे करावे. तो बंद असताना संगणकाला त्याच्या पुढचे स्पीकर दिसत नाहीत.

काही गोष्टी राहिल्या. वर मी एचडीएमआय म्हटले ते थेट रिसीव्हरला, दूरचित्रवाणी संचामार्गे नव्हे. संचातला आवाज एचडीएमआयवरून परत रिसीव्हरकडे नेणाऱ्या जुन्या एआरसी वाटेवर जवळपास ऑप्टिकलइतकीच जागा असते. तिच्या नव्या रूपात, ईएआरसीवर, पुरेशी असते, पण संच आपल्याकडे आलेला प्रवाह पुढे जाऊ देतो का हे त्याच्या माहितीपत्रकात आधी बघावे लागते. आपल्या रिसीव्हरला एचडीएमआय असून ती केवळ चित्र पुढे ढकलत असेल, आवाज घेत नसेल, तर वरच्यापैकी काहीच लागू होणार नाही. जुन्या रिसीव्हरमध्ये असे असते.

आणि एक बाब दाजींच्या बाजूची आहे, ती मी लपवत नाही. डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये नेहमीच्या चॅनेलखेरीज आवाजाचे स्वतंत्र घटक आणि खोलीत ते कुठे असावेत याची माहिती ट्रूएचडीच्या प्रवाहात असते. एफएफएमपेगवर चालणारे प्लेअर तो प्रवाह उलगडतात तेव्हा आपल्याला नेहमीचे चॅनेल पूर्ण लॉसलेस मिळतात, पण घटकांच्या जागा मिळत नाहीत, आणि छतातल्या स्पीकरांना काय वाजवायचे ते कळत नाही. डीटीएस:एक्सचेही तसेच आहे. तिथे पाकीट रिसीव्हरनेच फोडावे लागते. आपल्याकडे पाच किंवा सातच स्पीकर असतील तर आपल्याला याची काळजी करण्याचे कारण नाही. दाजींनी गेल्या वर्षी छतात दोन स्पीकर बसवून घेतले आणि आता त्यांच्याही फाइल संगणकावर आहेत. त्यांच्या कोडीमध्ये पासथ्रू मी स्वतः चालू करून दिले.