आठवण ठेवायची कुणी?

"मॅडम, फोन हातात घेतला की अपराधी वाटतं आणि बाजूला ठेवला की काहीतरी राहून जातं. मी करू तरी काय?" नोकरी आणि दोन मुलं सांभाळणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. माझ्याकडे येणारे बरेच पालक तो वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून त्यांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून इथे लिहिते आहे.

निमित्त साधंच होतं. धाकट्याला शाळेत प्रयोगाचं साहित्य न्यायचं होतं, ते राहून गेलं आणि तो वर्गात रडला. सूचना ग्रुपवर आली होती, पण शुभेच्छा आणि आभारांच्या गर्दीत पार खाली गेली होती. "घरात फोन दोघांकडे आहेत, लक्षात ठेवायचं मात्र मीच!" हे सांगताना त्यांचा आवाज चढला. खरी अडचण मला तिथे दिसली. लसीची तारीख, फी भरायची मुदत, पालकसभा, संपत आलेलं औषध, सगळं एकाच डोक्यात. कामं वाटून घेणारी जोडपीसुद्धा लक्षात ठेवण्याचं काम वाटून घ्यायला विसरतात. हे काम कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याचा शीणही दिसत नाही.

अर्धवट कामं मनात सारखी डोकं वर काढतात. मासिकांपो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं, की काम अजून झालेलं नसलं तरी ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरलं की मनातली टोचणी बरीच कमी होते. म्हणून 'औषध आणायचं' एवढं लिहून भागत नाही. 'शुक्रवारी ऑफिसातून निघताना औषध आणायचं' असं लिहावं लागतं, आणि नेमक्या त्या वेळी आठवण करून द्यायला फोनसारखा मदतनीस नाही.

पुढच्या भेटीला त्यांच्या नवऱ्यालाही बोलावलं. दोघांच्या फोनवर एकच सामायिक कॅलेंडर सुरू केलं. सूचना जो आधी वाचेल त्याने ती तिथल्या तिथे नोंदवायची, आणि काम कोण करणार त्याचं नाव पुढे लिहायचं. आठवण त्याच माणसाच्या फोनवर वाजली पाहिजे, असा आग्रह मी धरला. नाहीतर ती वाजते आईच्या फोनवर, मग आई नवऱ्याच्या मागे लागते, आणि ओझं होतं तिथेच राहतं. हात गुंतलेले असताना टाइप करत बसू नका, बोलून नोंद करा, हेही सांगितलं.

उरला प्रश्न संध्याकाळचा. मुलं समोर असताना फोन शांत ठेवायला त्या तयार नव्हत्या. "शाळेतून किंवा आईचा फोन आला तर?" भीती रास्त होती. आम्ही तिथेच बसून 'डू नॉट डिस्टर्ब'ची सेटिंग उघडली. मोजके नंबर निवडले, फक्त त्यांचीच रिंग वाजेल असं केलं. अनोळखी नंबरवरून कुणी तातडीने फोन केला तर काय, यावरही सोय असते: तोच नंबर पुन्हा आला तर रिंग वाजू देता येते, आयफोनवर ३ मिनिटांच्या आत, अँड्रॉइडवर साधारण १५. ग्रुपचे आवाज कायमचे बंद केले. त्या तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

सगळं लगेच जमलं असं नाही. नवऱ्याकडून एक बिल भरायचं राहिलं आणि "त्यापेक्षा मीच बघते" म्हणत त्या पुन्हा सगळं हातात घ्यायला निघाल्या होत्या. मी थांबवलं. उशिराचा दंड भरला गेला, पण ती नोंद नवऱ्याच्याच नावावर राहिली, आणि पुढचं बिल त्यांनी न सांगता भरलं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण फोनवर डॉक्टरांची वेळ घेतोय की व्हिडिओ बघतोय, हे लहान मुलाला कळत नाही. त्याला दिसते ती फक्त आपली खाली झुकलेली मान. म्हणून त्या आता मोठ्याने सांगतात, "तुझ्या दाताची वेळ घेते, मग आलेच." ऑफिसच्या घाईच्या दिवसांत संध्याकाळीही फोन चालू ठेवावा लागतो, तेव्हा मुलांना तसं आधीच सांगितलेलं असतं. मोठी मुलगी तर हल्ली सहीचा कागद घेऊन येते आणि सांगते, "हे बाबांच्या नावावर टाक."