स्क्रिप्ट लिहिली, पण चित्रकार म्हणतो काढता येत नाही

प्रश्न : मी कथा लिहिते, दोन-चार दिवाळी अंकांत छापूनही आल्यात. आता एका चित्रकार मित्रासोबत आठ पानांचं कॉमिक करतेय. स्क्रिप्ट दिली तर म्हणतो हे काढताच येत नाही. तुकडा पाठवतेय, काय खटकतंय सांगा. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचा तुकडा असा आहे : ‘पॅनल 1 : रम्या पळत एसटीत चढतो, खिसे चाचपतो, पाकीट नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो मटकन खाली बसतो.’ कथेत हे झकास चालेल, पण पॅनलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका चौकटीत, रम्या एकदाच दिसणार ना, मग तो चढतोय का चाचपतोय का बसलाय, मित्राने काढायचं काय? एका पॅनलला एकच क्षण. आणि सगळंच दाखवायला पाहिजे असंही नाही, चढणं गाळलं तरी वाचक ते आपलं आपण समजून घेतो. असं करून बघा :

पॅनल 1 : एसटीच्या आत, खच्चून गर्दी. कंडक्टर रम्यासमोर. रम्याचा हात खिशात, चेहरा निवांत.
पॅनल 2 : रम्याचा चेहरा, क्लोजअप. डायलॉग नाही.
पॅनल 3 : पँटचे दोन्ही खिसे उलटे, बाहेर लोंबतायत. कंडक्टर : ‘उतरायचं का मग?’

‘लक्षात येतं’ काढता येत नाही, पडलेला चेहरा काढता येतो.

आता डायलॉग. तुमच्या एकेका बलूनमध्ये, म्हणजे बोलणं लिहायच्या फुग्यात, पाच-सहा ओळी आहेत, चित्र दिसणार कुठे? अमेरिकन कॉमिक्समध्ये एक जुना हिशोब सांगतात, सहा पॅनलच्या पानावर 210 शब्द, म्हणजे पॅनलला 35. मराठीत मी तर त्याच्याही खालीच राहीन, कारण आपल्या वेलांट्या वर आणि उकार खाली, ओळींमध्ये जागा सोडावीच लागते, नाहीतर सगळा गिचका होतो. अजून एक, पॅनलमध्ये जो आधी बोलणार तो डावीकडे उभा आहे असं स्क्रिप्टमध्येच लिहा, नाहीतर बोलणाऱ्याकडे वळणाऱ्या बलूनच्या शेपट्या एकमेकींत अडकतात.

आणि पान उलटणं वापरा! सुटी पुस्तिका असेल तर पान 1 उजवीकडे येतं, मग 2-3 समोरासमोर, 4-5 समोरासमोर. पाकीट कोणी मारलं हे तुम्ही पान 3 वर उघड केलंय, म्हणजे पान 2 वाचतानाच नजर तिकडे जाणार. ते पान 4 च्या पहिल्या पॅनलला न्या. मोबाईलवर स्क्रोल करून वाचणार असतील तर मात्र हे विसरा.

प्रश्न : मी नुसती गोष्ट सांगितली आणि पानं चित्रकारानेच पाडली तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चालतं की. 1960 च्या दशकात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीत लेखक-संपादक स्टॅन ली असंच करायचे, आधी थोडक्यात प्लॉट, मग जॅक कर्बीसारखे चित्रकार पानं रचणार आणि डायलॉग सगळ्यात शेवटी. लींच्या हातात एकाच वेळी बऱ्याच मालिका असायच्या, त्यामुळे वेळ वाचायचा. पण अशात अर्धी गोष्ट चित्रकारच रचतो, आणि ली-कर्बींमध्ये कोणाचं श्रेय किती यावरून पुढे कित्येक वर्षं वाद चालला. तेव्हा ‘कथा’ म्हणून दोघांचं नाव टाकायचं का, पैसे कसे वाटायचे हे पहिलं पान काढायच्या आधी लिहून ठेवा, व्हॉट्सॲपवर का होईना.