चव बघू की नको?

मनू,

काल फोनवर तू विचारलंस, "माई स्वयंपाक करताना चव बघायची नाही, तूही बघत नाहीस. जेवणाऱ्याची तुम्हाला फिकीर नाही का, बाबा?" मैत्रिणींना जेवायला बोलावलं आणि नेमकी आमटी खारट झाली म्हणून चिडली होतीस, कळलं मला. तरी प्रश्न लागला.

इंदूरच्या रामबागेतल्या घरात नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. का, ते माईने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला काकू, बेबीआत्या, सगळ्या राबायच्या, पण मिठाची बरणी माईच्या ताब्यात. "मीठ मीच घालणार, कुणी हात लावू नका." मला तो तिचा तोरा वाटायचा. पण चार बायका, एक पातेलं आणि चाखायची सोय नाही. दोघींनी मीठ घातलं की आटोपलंच. तुम्ही तिघी मिळून रांधता ना? मीठ एकीकडेच द्या.

आणि फिकीर म्हणशील, तर पानात सगळ्यात आधी मीठ नि लिंबू कशाला वाढायची ती? माझी आपली समजूत अशी, की आपण चाखलेलं नाही, कमी पडलं तर तुमचं तुम्ही घ्या.

चाखायची नाही, पण तिचं नाक आणि कान सतत कामाला असायचे. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस व्हायचा. भुट्टे किसायचं काम माझ्याकडे, बोटं सोलून निघायची. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची आणि मग कीस. आधी कच्चा, हिरवट वास येतो. तो जाऊन खमंग वास सुटेपर्यंत माई दुधाच्या पातेलीला हात लावायची नाही. दूध घातल्यावर आच मंद. ते आटत आलं की उलथन्याखालची चपचप थांबते, कीस कढईच्या कडा सोडतो. झाला. स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलो असलो तरी मला ते कळायचं.

आता यात कसब किती आणि सवय किती, मला ठरवता येत नाही. कढई तीच, पळी तीच, किराणा वर्षानुवर्षं सियागंजातून आलेला. पाणीसुद्धा ठरलेलं. 1978 साली इंदूरला नर्मदेचं पाणी आलं, तरी आमच्याकडे बोअरिंगचं पाणीही होतं आणि त्यात तुरीची डाळ काही केल्या गळायची नाही. म्हणून डाळीपुरती नर्मदा माई वेगळी भरून ठेवायची.

तुझंही तेच होतंय बघ. ग्लासगोचं पाणी लॉक कॅट्रिन तळ्याचं, हलकं. त्यात आपली डाळ पटकन शिजते. तुझ्या लंडनचं जड. तुझ्या किटलीत पांढरा थर बसतो ना, त्याच क्षारांनी डाळ दडस राहते. दोन-तीन तास भिजव, फिल्टरच्या जगमधलं पाणी घाल आणि चिंच डाळ पुरती गळल्यावरच. आधी घातलीस तर आंबटाने ती आणखी अडून बसते.

तेव्हा चाख. पाणी वेगळं, भांडं वेगळं, शेगडी विजेची. तिथे माईचा अंदाज कसा चालेल? मीठ थोडं कमीच घाल, उकळी आल्यावर बघ, मग वाढव. चमचा तेवढा वेगळा घे, तोच पुन्हा पातेल्यात नको. हे माझं जुनाट वाटलं तर वाटू दे.

मी का चाखत नाही? देवापुढे दिवा लावते तुझी आई, मी नाही. पण चमचा तोंडाशी नेला की मागून कुणीतरी "अरे, उष्टं!" म्हणून ओरडेल असं अजून वाटतं. तुला तसं वाटत नाही, तर ओढूनताणून वाटून घेऊ नकोस.

तिथली मकई आपल्या भुट्ट्यापेक्षा गोड नि पाणीदार. कीस केलास तर दूध निम्मं, साखर अजिबात नको, लिंबू सढळ हाताने. आत्याने इंदूरहून जीरावन मसाला पाठवलाय, त्यातली अर्धी पुडी तुला पोस्टाने टाकतो. पोह्यांवर घाल, आमटीत नको.

बाबा