पोच घेतलीस का?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा तू गेल्यावर पाहिलं तर तुझा चहा तसाच, साय धरलेला. मोबाईलवरचा नकाशा मात्र तू मला चार वेळा दाखवलास. होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंत एक तांबडी रेघ आणि वर ठळक अक्षरात 'आपली नगरपरिषद'. कर आपण वेळेवर भरतो, पाणी चार-पाच दिवसांआड येतं, मग सोलापूर महापालिकेतून वेगळं का व्हायचं नाही, असं तावातावाने विचारलंस. आणि दारात चपला घालताना हळूच म्हणालास, "काका, आपण करतोय ते बरोबर आहे का, हेच कळेना."

त्या वाक्यासाठी हे पत्र. नकाशासाठी नाही.

तू मनाचा प्रामाणिक आहेस हे मला ठाऊक आहे, त्यामुळे पाठ थोपटण्यात शाई घालवत नाही. एकच विचारतो. आजवर जिथे जिथे निवेदनं दिलीत, तिथली पोच आहे का? तू सांगितलंस, साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, निळ्या टिका आल्या. अरे, निळ्या टिकेला आवक क्रमांक नसतो. उद्या तो साहेब बदलून गेला की तुझं निवेदन त्याच्या खिशातून पंढरपूरला किंवा लातूरला जाईल. तुझ्या हातात काय? काही नाही.

पोच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, घेणाऱ्याची सही. त्याशिवाय त्या टेबलापुढून हलायचं नाही.

तुला वाटेल, म्हातारा कारकून आहे, शिक्क्यापलीकडे त्याला दिसत नाही. तर ऐक. तुझा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट, 1992 ची. सोलापूर महापालिका 1964 साली 1 मे रोजी झाली, पण शहर होतं साधारण 33 चौरस किलोमीटरचं. हद्दवाढ झाली आणि ते 178.57 चौरस किलोमीटर झालं. आसपासची गावं आत आली. त्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायतीत मी लिपिक होतो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. बाजरीचं रान आणि वेशीतला मारुती कालपर्यंत गाव होते, उजाडलं तेव्हा शहर. त्याला इतकी वर्षं झाली तरी आमचं नाव 'हद्दवाढ भाग' ते 'हद्दवाढ भाग'च. वाढलेल्या पोरालाही घरात 'धाकटा' म्हणतात ना, तसं.

ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेकडे सुपूर्द करायचा दिवस आला. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 म्हणजे मागणीची, शिवाय नळजोडांची वही, ठरावांची बुकं, घरांच्या नावबदलाचे अर्ज. संध्याकाळ झाली होती, टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर घाई करत होता. मी कापडात गठ्ठे बांधले आणि चढवले. यादी केली नाही. कुणाची सही घेतली नाही. रात्री घरी आलो, जेवलो, झोपलो. मला झोप कशी लागली याचं आजही नवल वाटतं.

पुढे एक आजी माझ्याकडे यायला लागल्या. नवरा वारल्यावर घर त्यांच्या नावावर करायचा अर्ज ग्रामपंचायतीत मंजूर झाला होता, मीच तो लिहिला होता. ती वही कुठेच नव्हती. टेम्पोतून पडली असेल, आमच्याच माळ्यावर राहिली असेल, कुणाला दोष देऊ? यादीच नव्हती तर काय हरवलं हे तरी कोणाला सांगणार? सगळं नव्याने करण्यात त्यांची अकरा वर्षं गेली. दर खेपेला माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तुम्ही होता की तिथं." बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता तू म्हणशील, काका, तुम्ही तेव्हा सत्तावीस वर्षांचे होता, वरून तोंडी हुकूम आला होता, काय करणार? हेच मी स्वतःला तीस वर्षं सांगत आलोय. खरं म्हणजे तेव्हा सही मागितली असती तर साहेब चिडले असते, आणि मला नोकरीत कायम व्हायचं होतं. नोकरी राहिली. घर चाललं, दोन पोरींची लग्नं झाली. मी काही चोरी केली नव्हती... बघ, पुन्हा तिथेच आलो. राहू दे.

तुझ्या तांबड्या रेघेकडे येतो. वेगळी नगरपरिषद हवी हे म्हणणं पाप नाही. नगराध्यक्ष लोक थेट निवडतात आणि महापौर मात्र नगरसेवक निवडतात, हा तुझा मुद्दा मला पटला. इथे तर 2022 च्या मार्चपासून 2026 च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आपलं कोण ऐकणार, असं तुमच्या पिढीला वाटलं तर त्यात तुमचा दोष नाही.

पण पुढे गेलास तर वाट कुठून जाते ते बघ. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. गाव शहर कधी मानायचं याच्या कसोट्या तिथे आहेत: लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक कारभाराला मिळणारा महसूल, शेतीबाहेरचा रोजगार, आर्थिक महत्त्व. आपल्याकडे 1965 चा नगरपरिषदांचा कायदा. नगरपरिषदेला किमान 25,000 लोकसंख्या लागते, नगरपंचायतीला 10,000 ते 25,000, आणि महापालिकेला किमान 3 लाख. माणसांची अडचण तुला नाही. शहरच 2011 च्या जनगणनेत 9,51,558 होतं. अडचण पुढे आहे. तू अकलूजचं उदाहरण दिलंस. 2021 साली अकलूजला नगरपरिषद आणि नातेपुत्याला नगरपंचायत झाली, लोक धरणं धरून बसले होते, सगळं खरं. पण ती ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. तुला महापालिकेच्या पोटातून बाहेर यायचंय. तो रस्ता वेगळा, त्यात महापालिकेशी विचारविनिमय लागतो.

तो रस्ता कसा असतो ते कल्याणच्या 27 गावांना विचार. 1983 ला महापालिकेत, 2002 ला बाहेर, 2015 ला परत आत. मग 2020 ला त्यातली 18 गावं काढून स्वतंत्र नगरपरिषद करायची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिथे घोषणा कमी पडल्या नव्हत्या, कायद्यात सांगितलेली पायरी नीट चढली गेली नव्हती. उलट फुरसुंगी आणि उरुळी देवाची बघ. 2017 ला पुणे महापालिकेत गेली, 2024 ला बाहेर येऊन नगरपरिषद झाली. म्हणजे होतं. पण सात वर्षं गेली, आणि शहराचा कचरा तिथे अनेक वर्षं पडत होता, म्हणजे त्यांचं गाऱ्हाणं डोळ्याला दिसणारं होतं, नाकालाही कळणारं. तुझं गाऱ्हाणं कागदावर दिसलं पाहिजे. आणि कागद म्हणजे पोच असलेला कागद, पुन्हा सांगतो.

आता पाण्याचं. वेगळे झालात की पाणी कुणाचं? उजनीहून शंभरावर किलोमीटर नळी टाकून पाणी येतं, टाकळीला भीमेतून उचलतात, हिप्परग्याचा तलाव आहे. नळ्या, पंप, शुद्धीकरण केंद्रं, सगळं महापालिकेचं. रेघ मारल्याने पाणी रेघेपाशी थांबेल आणि तुम्हाला विकत घ्यावं लागेल, घाऊक दराने. तो दर काय, तुमच्या भागाचा घरपट्टीचा वसूल किती, कर्मचारी कुणाचे, नाल्याचं पाणी कुणाच्या हद्दीत उतरणार? या प्रश्नांवर तू परवा मान हलवलीस आणि 'करू की नंतर' म्हणालास. नंतर नाही. मला राग तिथे आला होता. चहाचा नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. तुमच्या प्रभागांची मालमत्ता कराची मागणी आणि वसुली, गेल्या पाच वर्षांची, वर्षवार. पाणीपट्टी वेगळी माग. रस्ते आणि ड्रेनेजवरचा खर्च वेगळा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. अर्ज दिल्याची पोच नसेल तर 30 दिवस कुठून मोजणार, सांग? वसूल जास्त आणि खर्च कमी निघाला तर तुझ्या नकाशाला जीव येईल. उलटं निघालं तर तेही कळेल, आणि तेव्हा नकाशा पुसायची हिंमत ठेव. मला वाटतं उलटं निघेल. चुकीचा ठरलो तर आनंदच आहे.

घाई करू नकोस, तशी घाई करताही येणार नाही. जनगणना 2027 ची आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्यात. म्हणजे मोजणी होईपर्यंत मोर्चे कितीही काढा, रेघ हलायची नाही. पोस्टर छापायचे पैसे झेरॉक्सला वापर.

एक सांगायचं राहिलं. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, ते तू लहानपणी पाहिलंयस. सिद्धरामेश्वरांनी ती लिंगं शहराभोवती मांडली. या गावची पहिली हद्द तीच म्हणायची. ती लोक दरवर्षी अनवाणी चालून येतात, म्हणून पाठ असते. तुझ्या रेघेवरून तू एकदा तरी चाललायस का? मोबाईलवर बोट फिरवलंस एवढंच. रेघेच्या पलीकडे तुमच्याच धुणीभांडी करणाऱ्या बायकांची वस्ती सुटलीय, मी चष्मा लावून पाहिलं. त्यांना विचारलंस? आमच्या वेळी आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतः त्या आजींना विचारलं नव्हतं, गठ्ठे बांधताना.

रविवारी सकाळी ये. आधी रेघेवरून चालू, मी जमेल तेवढा चालेन, पुढे रिक्षा करू. मग घरी बसून पहिला अर्ज लिहू, दोन प्रतींत. माळ्यावर लोखंडी पेटी आहे, तिच्यात माझ्या जुन्या वह्या आहेत. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी कशी बसवायचे ते त्यात आहे, तुला उपयोगी पडेल. आणि त्या आजींची वही तिथे नाही ना, हेही एकदा तुझ्या तरुण डोळ्यांनी बघून दे. मी इतक्या वर्षांत पेटी तळापर्यंत उपसलेली नाही.

येताना तेलाची बाटली आण. कुलपाला गंज धरलाय.

तुझा,
काका